वर्गात दोन वेगळी मुलं आहेत, नाच कसा बसवू?

तिसरीच्या_बाई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वेळ असेल तर वाचा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते, पट ३४. त्यात एक मुलगा आहे, इथे त्याला बंड्या म्हणते. ऑटिझमचं सर्टिफिकेट आहे त्याचं. बोलतो, पण बहुतेक टीव्हीवरच्या जाहिरातीच बोलतो, आपण विचारलेल्याचं उत्तर म्हणून नाही. दुसरी एक मुलगी, तिला छबी म्हणू. तिचं निदान वगैरे काही झालेलं नाही, पण दहा मिनिटं एका जागी बसणं तिच्या जिवावर येतं, आणि नाच शिकवायला गेलं की डावं उजवं सगळं एकमेकांत गुंततं, मग ती मुद्दाम धपकन पडते, सगळे हसतात आणि तिची सुटका होते. हे मला कळायला एक वर्ष लागलं की ती मुद्दाम पडते.

तर बंड्या परिपाठाला रांगेत कधीच उभा राहत नाही. कानावर हात ठेवून मैदानातल्या कडुलिंबाला फेऱ्या मारत असतो, मी आता मागे लागणं सोडलंय. पण परवा मधल्या सुट्टीत सातवीची पोरं बाकावर ढोलताशाचा ठेका वाजवत होती, आणि हा व्हरांड्यात त्या ठेक्यावर पावलं टाकत होता. म्हणजे सहज चालत नव्हता हो, बरोबर तालात. पोरं थांबली की थांबायचा, सुरू झाली की सुरू. त्यांनी मुद्दाम लय वाढवून बघितली तर ह्याचीही वाढली. पहिलीपासून तो माझ्या डोळ्यासमोर आहे, दुसऱ्या कुणाबरोबर मिळून काही करताना मी त्याला पहिल्यांदा बघितलं. डबा हातात तसाच धरून उभी राहिले.

मग डोक्यात आलं की रोज वीस मिनिटं सगळ्या वर्गाचाच नाच घ्यावा. मुख्याध्यापकांना विचारलं, ते म्हणाले घ्या की, आणि जानेवारीत स्नेहसंमेलनाला तोच बसवा. आणि इथेच पोटात गोळा आला. मागच्या वर्षी मीच बंड्याच्या आईला सांगितलं होतं की त्या दिवशी नका आणू त्याला, त्रास होईल. खरं सांगायचं तर त्रास आम्हाला झाला असता. ती माऊली काही बोलली नाही, नुसती बरं म्हणाली.

तर विचारायचं हे की असा नाच घ्यायचा कसा? मला स्वतःला नाचातलं मंगळागौरीपलीकडे काही येत नाही. यातून मुलांना खरंच काही मिळतं की आपलंच समाधान? आणि स्टेजवर न्यावं का? ज्यांना अनुभव आहे त्यांनीच सांगा प्लीज, युट्यूबच्या लिंका नकोत, त्या खूप बघून झाल्या.

---

नाशिकची_आई

बाई, तुमची ती "नका आणू त्याला" वाली ओळ दोनदा वाचली. मला हेच वाक्य माझ्या मुलीच्या पहिल्या शाळेत ऐकवलं होतं. मीसुद्धा बरं म्हणाले होते आणि घरी येऊन भांडी घासताना रडले होते. तुम्ही इथे कबूल केलंत त्यामुळे तुमच्यावर राग नाही, पण त्या आईला एकदा तोंडाने सांगा, तिला ते लागलेलं असणार.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे, ऑटिझम आहे. पहिल्यांदा स्टेजवर गेली तेव्हाचा किस्सा सांगते. कोळीनृत्य होतं, कपडे भाड्याने आणलेले, साडीच्या काठाची जर मानेला टोचत होती. आम्हाला वाटलं ती गर्दीला घाबरून ओरडतेय, म्हणून आम्ही तिला धीर देतोय, टाळ्या वाजवतोय आणि ती अजून ओरडतेय. घरी साडी सोडली तर मानेवर लाल रेघा उठलेल्या. बिचारी सांगत होती तिच्या पद्धतीने, आम्हालाच ऐकू येत नव्हतं. पुढच्या वर्षी तीच साडी आतून जुन्या मऊ कॉटनच्या ब्लाऊजवर नेसवली, गाणं महिनाभर आधी मोबाईलवर मागून घेतलं आणि रोज एकाच वेळी, संध्याकाळी दिवा लावला की वाजवलं. प्रॅक्टिस अशी नाहीच, नुसतं कानावरून जाऊ दिलं. स्टेजवर तिची जागा कडेला विंगेजवळ मागून घेतली म्हणजे नको झालं की दोन पावलांत आत. बाईंनी मान्य केलं. ती अर्धंच गाणं नाचली आणि आत निघून गेली. आमच्यासाठी ते पूर्ण गाणं होतं.

आणि एक. मुख्याध्यापक किंवा पालक कुणी कुरकुर केली तर माहिती असू द्या, २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात कलम १६ मध्ये स्पष्ट म्हटलंय की शाळेने अशा मुलांना शिक्षणाबरोबर खेळाची आणि मनोरंजनाच्या कार्यक्रमांची संधीसुद्धा इतरांच्या बरोबरीने द्यायची. म्हणजे गॅदरिंग ही मेहेरबानी नाही. ऑटिझम त्या कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. छबीचं मात्र एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि सतत चुळबुळ, असं निघालं तर ते त्या यादीत वेगळं नाही, त्यामुळे कागदोपत्री तिची अडचण जास्त. पण नाचायला काय कागद लागतोय.

---

वैतागलेला_बाप

मी थोडं गार पाणी ओततो, माफ करा. आमच्या शहरात एका डान्स क्लासने आम्हाला तीन महिन्यांचं पॅकेज विकलं, थेरपी म्हणून. मुलगा बोलायला लागेल, नजरेला नजर देईल, फीमध्ये गॅरंटी असल्यासारखंच बोलत होते. तीन महिने एका ताईंनी माझ्या पोराची हनुवटी धरून स्वतःकडे वळवली आणि वन टू थ्री फोर केलं. शेवटी त्यानं त्या ताईंना चावा घेतला आणि मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा बाई, तुमचा हेतू चांगला आहे पण "नाचाने मूल सुधारतं" हे वाक्य कुणाला बोलू नका, आधीच नातेवाईक वैदूपासून डॉल्फिन थेरपीपर्यंत सगळं सुचवत असतात. नाचू दे, मजा करू दे. थेरपी म्हणू नका.

---

हालचाल_आणि_मी

वैतागलेला बाप, तुमच्याशी नव्वद टक्के सहमत आणि मी स्वतः डान्स मूव्हमेंट थेरपिस्ट आहे, म्हणजे शरीराच्या हालचालीतून मनावर काम करणारी. हनुवटी धरून डोळ्यांत बघायला लावणं याला थेरपी म्हणत नाहीत. डान्स क्लास वेगळा, शाळेतला नाच वेगळा आणि ही थेरपी वेगळी. थेरपीसाठी शिकावं लागतं, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने कोलकात्याच्या संवेद संस्थेबरोबर त्याचा डिप्लोमा चालवलाय. कुणी थेरपिस्ट म्हणवत असेल तर कुठे शिकलात, कुणाच्या देखरेखीखाली काम केलंत, हे बिनधास्त विचारा. जो बरं करण्याची गॅरंटी देतो तिथून चप्पल घालून निघा. या विषयावरचे अभ्यास आहेत, पण बरेचसे छोट्या गटांवर झालेले आहेत, त्यावरून मोठ्या बाता कुणीच मारू नयेत. मीसुद्धा नाही.

आता बाईंसाठी. तुम्हाला थेरपिस्ट व्हायची गरज नाही, पण आमच्याकडची एक गोष्ट उसनी घ्या. अमेरिकेत मॅरियन चेस नावाच्या नर्तकीने १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ या मनोरुग्णालयात काम केलं. तिथले कित्येक पेशंट कुणाशी बोलायचे नाहीत. त्या काय करायच्या, पेशंटला स्टेप शिकवायच्या नाहीत. तो जसा हलतोय, डुलतोय, तसंच स्वतः हलायच्या. त्याची हालचाल आपल्या अंगावर घ्यायची, नक्कल करून चिडवायचं नाही. आम्ही याला मिररिंग म्हणतो, आणि आमचं निम्मं काम यातच आहे.

तुमच्या बंड्याने व्हरांड्यात काय केलं ते पुन्हा बघा. पोरांनी त्याला शिकवलं नव्हतं, बोलावलं नव्हतं, त्याच्याकडे बघतही नव्हती. मग त्यांनी लय वाढवून बघितली, म्हणजे नकळत त्याच्याशी बोलली. त्याने उत्तर दिलं. हे संभाषणच झालं की.

म्हणून वीस मिनिटांतली पहिली पाच मिनिटं अशी ठेवा की रोज एक मूल पुढारी, ते जे करेल ते सगळ्या वर्गाने करायचं. बंड्याची पाळी आली आणि तो पुढे आला नाही तर ओढू नका. तो कडुलिंबाला फेऱ्या मारतोय ना, सगळा वर्ग घेऊन त्याच्यापासून चार हात लांब कडुलिंबाला फेऱ्या मारा. कानावर हात ठेवून. आधी तुम्ही त्याचा नाच शिका, तुमचा त्याला नंतर शिकवा. त्याने तुम्हाला बघून वेग बदलला, थांबून बघितलं, दिशा बदलली, तर समजा तुमच्याशी बोलतोय. त्याला नको झालं तर तो लांब जाईल, तेही बोलणंच, मग थांबायचं.

सुरुवात आणि शेवट रोज अगदी तोच ठेवा, एकच आवाज, एकच कृती. या मुलांना पुढे काय येणार ते माहीत असलं की निम्मी भीती जाते. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला काड्यांच्या माणसांची चार चित्रं काढा, आधी हे मग हे मग हे मग पाणी प्यायचं, आणि झालं की चित्र उलटं करायचं. बोलून सांगितलेलं हवेत विरतं, चित्र भिंतीवर राहतं. एवढं पुरे आत्ता, बाकी नंतर लिहिते, क्लिनिकमध्ये आहे.

---

फुगडी_फॅन

बाई, "मंगळागौरीपलीकडे काही येत नाही" म्हणालात आणि मी इथे उडालेच! मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना रोजची कामं आणि हालचाली जमाव्यात म्हणून मदत करणारी, तुमच्याकडे अख्खा खजिना आहे आणि तुम्ही तो काही नाही म्हणून बाजूला ठेवताय.

साधी फुगडी घ्या. दोघं समोरासमोर, हात अढी घालून घट्ट धरलेले, पायाचे चवडे एकमेकांना लागलेले, अंग मागे टाकलेलं आणि गरगर. यात दोन गोष्टी होतात. मागे ओढ बसते तेव्हा खांदे, कोपरं, मनगटं, सगळ्या सांध्यांतून मेंदूला खबर जाते की बाबा तुझं शरीर इथे इथे आहे. आणि गरगर फिरताना कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र हलतं. बऱ्याच वेगळ्या मुलांची गडबड नेमकी याच दोन ठिकाणी असते, कुणाला ही खबर कमी पोचते म्हणून ते मूल धडकत पडत आपटत राहतं, कुणाला इतकी जास्त पोचते की झोक्याचंही भय वाटतं. तुमची छबी मला पहिल्या गटातली वाटते, न बघता नक्की सांगू शकत नाही, पण मी असते तर तिला स्टेप शिकवायच्या आधी कामाला लावलं असतं. पाच मिनिटं बाक सरकव, भिंत ढकल, जात्यावर दळल्याची ॲक्शन जोर लावून कर, उखळात कांडल्याची कर, मग नाच. अंगाला जोर लागला की बरीच मुलं शांत होतात, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच, त्या मुलींना दळायलाच बसवायच्या.

पण सांभाळून, हे नीट वाचा. गरगर फिरणं सगळ्यांना चालत नाही. पंधरा-वीस सेकंद, मग थांबायचं, चेहरा बघायचा. पांढराफटक पडला, घाम आला, जांभया द्यायला लागला तर तिथेच बंद. फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फिरवू नका, ऑटिझमच्या मुलांत फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं, बंड्याच्या आईला आधी विचाराच. आणि कधी डाऊन सिंड्रोमचं मूल वर्गात आलं तर कोलांटी नाही, मान झटकणं नाही, अंगात आल्यासारखं घुमणं तर अजिबातच नाही. या मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. मी एका शाळेत गोंधळाच्या नाचात एका डाऊनच्या मुलीला मान गरागरा फिरवताना बघितलं आणि धावत स्टेजवर गेले, लोकांना वाटलं मला कौतुक आवरलं नाही.

डाव्या-उजव्याचं सोपं आहे. तोंड करून शिकवू नका, मुलांकडे पाठ करून उभ्या राहा. समोरून शिकवलं की मुलाला मनात उलटं करून घ्यावं लागतं, छबीसारख्या मुलांचा तिथेच गोंधळ उडतो. आणि सगळ्यांच्याच उजव्या मनगटाला लाल दोरा बांधा. सगळ्यांच्या म्हणतेय, फक्त तिच्या नाही.

---

तत्कार

कथक शिकवते, छोटंच लिहिते. बंड्या जाहिराती जशाच्या तशा म्हणतो म्हणालात ना, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणायची ताकद आहे त्याच्यात. आमच्याकडे याला पढंत म्हणतात आणि आमच्या मुली त्याच्यासाठी वर्षानुवर्षं घासतात. ता थै थै तत, आ थै थै तत, आठ मात्रा, दोनदा म्हटलं की सोळा, तीनतालाचं एक आवर्तन. याला अर्थ नाही, उत्तर द्यायचं नाही, नजर द्यायची नाही, नुसतं म्हणायचं आणि पाय आपटायचे. माझ्याकडे एक मुलगा होता, घरी एक शब्द धड बोलायचा नाही पण बोल खणखणीत. तो पुढे बोलायला लागला वगैरे काही झालं नाही, चमत्कार सांगत नाहीये, पण तो वर्गात कुणाच्या तरी आवाजात आवाज मिसळायचा, ते त्याला आवडायचं.

अनवाणी पायाने, फरशी गार असली तरी सतरंजी नको, आवाज आणि धक्का दोन्ही पोचू दे. छबीसाठी मात्र आमचा खरा तत्कार, म्हणजे या बोलांवरचं पायांचं काम, देऊ नका, त्यात चौथ्या आणि पाचव्या मात्रेला लागोपाठ डावाच पाय येतो आणि तिथे भले भले अडखळतात. तिला उजवा-डावा, उजवा-डावा साधंच.

---

दोन_टाळीवाला

हाय, मी तेवीसचा, मुंबई, ऑटिस्टिक आहे, निदान कॉलेजात आल्यावर झालं. तुमच्या थ्रेडवर सगळे आमच्याबद्दल बोलतायत म्हणून म्हटलं आपण पण जरा बोलावं :)

शाळेत मला नाच म्हणजे शिक्षा होती. स्टेप्सचा त्रास नव्हता, स्टेप्स पाठ असायच्या मला, इतरांच्या पण. त्रास हा की विंगेतून मॅडम ओरडायच्या "हसा! हसा!" आणि मला एक तर पाय सांभाळता येतात नाहीतर चेहरा, दोन्ही एकदम नाही. मग मी हसायचो आणि पाय चुकायचे, आणि पाय चुकले म्हणून मागच्या रांगेत. मागच्या रांगेत खरं तर बरं होतं पण तिथे उजेड कमी म्हणून पुढच्याचे पाय दिसायचे नाहीत. असो.

नाच आवडला तो आमच्या सोसायटीच्या गरब्यात. दोन टाळी, तीन टाळी, तेच तेच तेच, तासभर. गोल असल्यामुळे पहिली रांग नाही शेवटची रांग नाही. कुठूनही आत शिरा, कुठूनही बाहेर पडा, कुणी विचारत नाही कुठे चाललास. सगळे एकाच दिशेला बघत पुढे सरकत असतात त्यामुळे कुणाच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही आणि तरी तुम्ही पन्नास लोकांबरोबर असता. हे मला दुसरीकडे कुठेच मिळालेलं नाही, ट्रेनमध्ये सुद्धा नाही. स्पीकर मात्र भयंकर असतात, मी कानात फोमचे बोळे घालतो, ताल तसाही छातीत ऐकू येतो.

तर बाई, रांगा नका करू, गोल करा. "हसा" म्हणू नका. टाळ्यांचा कडकडाट करायच्या आधी सांगा की आता टाळ्या होणार आहेत. आणि बंड्या हात फडफडवत असेल तर ते थांबवायची स्टेप शोधू नका, मी खूश असलो की फडफडवतो, तुमच्या नाचात एक फडफडीची स्टेप टाका, बाकीच्या पोरांना पण आवडेल बघा.

---

वैतागलेला_बाप

दोन टाळीवाले, तुमचं माझ्या बायकोला वाचून दाखवलं. आज पोराला घेऊन पार्किंगमध्ये गोल गोल चाललो, टाळ्या वाजवत. वॉचमन बघत होता, बघू दे.

---

सांगलीकर_पीटी

बाई नमस्कार. हे थेरपी वगैरे आपल्याला काय कळत नाही, पण बावीस वर्सं लेझीम घेतोय, तेवढं सांगतो. आमच्या सांगलीकडच्या पोरांनी १९८२ साली दिल्लीच्या एशियाडला लेझीम केली होती, चारशे जणं, तेव्हापासून इकडं लेझमीला घरचा मान हाय.

लेझमीत एक बरं असतं, आकडे असतात. चार आवाज म्हंजे चारच आवाज, पाच नाहीत. पहिल्या आकड्याला हात कुठं, दुसऱ्याला कुठं, सगळं ठरलेलं. नाचात बाई म्हणतात जरा लचक आण, भाव आण, आता पोरानं लचक आणायची कुठनं? लेझमीत तसं नाय. आमच्याकडं एक पोरगं होतं, मास्तर लोक त्याला येडं म्हणायचे, मीबी म्हटलो असंन पहिल्यांदा, नाव कशाला घेऊ कुणाचं. त्याला वर्गात बेरीज येत नव्हती पण आकडा त्याचा एकदाबी चुकला नाय. शेवटी त्यालाच आकडे मोजायला उभा केला, शिट्टी दिली गळ्यात. हलगीवाला जरा पुढं पळला तर शिट्टी मारून गडी थांबवायचा. हलगीवाला म्हातारा चिडायचा पण पोरगं बरोबर असायचं.

पण एक अडचण हाय तुमच्या बंड्याला. तीसचाळीस लेझमी एकदम वाजल्या तर मोठ्या माणसाच्या कानठळ्या बसतात, त्याचं काय व्हायचं. ते बघा आधी.

---

तिसरीच्या_बाई

सगळ्यांचे किती आभार मानू. पंधरा दिवसांनी येतेय कारण आधी करून बघायचं ठरवलं होतं.

पहिलं, बंड्याच्या आईकडे गेले, सॉरी म्हटलं. ती आधी घाबरली, तिला वाटलं मी पुन्हा काही तक्रार घेऊन आलेय. मग चहा केला. फिट्सचं विचारलं, नाही येत. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षिकेलाही फोन केला, त्या पुढच्या आठवड्यात छबीला बघायला येणार आहेत, तिच्या वडिलांना पटवायला मला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. "पोरगी वेडी नाही आमची" हेच पालुपद.

दुसरं, रोज मैदानात गोल करतो. बाकं सरकवायचं काम छबीला दिलंय, तिला वाटतं ती मॉनिटर झाली. सगळ्यांच्या मनगटाला लाल दोरा आहे, शेजारच्या वर्गातली पोरं विचारतात कुठल्या देवाचा. छबी फुगडी मस्त घालते, पडत नाही, पडली तरी खरी पडते. पाठ करून शिकवल्याचा फरक पडला पण मला मागे काय चाललंय ते दिसत नाही, दोघांनी मारामारी केली ती कळलीच नाही.

बंड्याचं काय झालं ते सांगते. कडुलिंबाच्या फेऱ्या पहिल्या दिवशी सगळ्या वर्गाने मारल्या, तर तो थेट पळून वर्गात जाऊन बसला. मला वाईट वाटलं, पण लिहिलं होतं ना की तेही बोलणंच, म्हणून थांबले. दुसऱ्या दिवशी फक्त पाच मुलं घेतली आणि जास्त लांबून फिरलो. तो फिरत राहिला. चौथ्या की पाचव्या दिवशी तो अचानक उलट्या दिशेने फिरायला लागला आणि मान वळवून बघितलं आम्ही काय करतो. आम्हीही वळलो. मग त्याने परत दिशा बदलली, आम्हीही. असं सात-आठ वेळा केलं त्याने, आणि शेवटी कुठल्या तरी साबणाची जाहिरात मोठ्यांदा म्हणाला. पोरांनी तीही म्हटली. घंटा झाली तरी कुणी हलेना.

गोलात तो अजून आलेला नाही. स्नेहसंमेलनाचं मी मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितलंय की डिसेंबरात बघू, त्याला यायचं तर येईल, आणि मैदानात गोलातच करू, स्टेजवर नाही. ते म्हणाले मग पाहुण्यांना दिसणार कसं. म्हटलं पाहुण्यांना उभं राहू दे.

आता पीटी सर, तुमच्यासाठी प्रश्न. शाळेत जुन्या बारा लेझमी आहेत. एक मी कडुलिंबाखाली मुद्दाम ठेवून दिली होती. बंड्याने ती उचलली, हलवली, आवाजाने दचकून टाकली. मग परत उचलली आणि सगळ्या चकत्या एका मुठीत घट्ट धरून दांडा हलवत राहिला, म्हणजे आवाज नको, पण लेझीम हवीय. त्या चकत्यांचा आवाज कमी करायला काय करता येईल? कापड गुंडाळलं तर ते सुटतं आणि तो ते सोडत बसतो, नाच राहतो बाजूला.

---

सांगलीकर_पीटी

कापड नको बाई. सायकलच्या पंक्चरवाल्याकडं जुनी ट्यूब मागा, तो फुकट देतोय. तिचे करंगळीएवढे रुंद तुकडे कापा आणि दोन दोन चकत्यांच्या मधी एकेक बशीवा, साखळीची एक कडी उघडून घालायला लागंल, पकडीनं उघडते. मग खणखण होत नाय, नुसतं ठक ठक येतं. सगळ्या नका करू, एकीच्याच करा, आणि ती त्याचीच म्हणून ओळखायला दांड्याला तुमचा तो लाल दोरा बांधा. कडी नीट दाबून बंद करा, पोरं बोट घालतात.